विड्यातली हवा

दहा वाजून वीस मिनिटांनी पट्ट्यानं ओ दिली नाही.

ते पेच्चियम्माळच्या कानांना कळायच्या आधी पाठीला कळलं. तिच्या टेबलामागच्या भिंतीपलीकडं चाचणीची खोली होती आणि तिथं गेले एकोणीस दिवस सात नंबरचा पट्टा लोखंडी पेटीत दोन पुल्यांवर न थांबता धावत होता. पेटीत भट्टीसारखी धग. मिनिटाला एकदा रीडर त्याला हाक मारायचा, की बाबा रे, कोण तू, अजून आहेस का. आणि पट्ट्याच्या रबरात पुरलेली तिळाएवढी चिप आपला नंबर सांगून मोकळी व्हायची. टिक. बाकीच्या बायकांच्या लेखी तो आवाज असून नसल्यासारखा. शेजारच्या खुर्चीवरची तेनमोळी म्हणायची, "अक्का, तुझी पाल बघ, आज उत्तरेला चुकचुकतेय. पाहुणे येणार." पेच्ची हसायची. पण आई स्वयंपाकघरात भांडी घासताना माजघरातल्या तान्ह्याचा श्वास ऐकत असते ना, तशी ती टिक तिच्या पाठीनं धरून ठेवलेली असायची. आणि आता हातातलं काम हातातच राहिलं. येईल. आता येईल. तेनमोळी नणंदेनं केलेल्या फणसाच्या भाजीचं काहीतरी सांगत होती, की फणसापेक्षा नणंदेचं तोंडच जास्त चिकट, कुणीतरी खिदळलं, आणि पेच्ची मनात आकडे मोजत होती. एक मिनिट एवढं लांब असतं हे तिला ठाऊक नव्हतं. साठ झाले. सत्तर झाले. दुसरी टिक आली नाही. तिसरीही नाही. पट्टा धावत होता, त्याची घरघर भिंतीतून येत होती, म्हणजे अंगानं तो जिवंत होता. फक्त विचारलेल्याचं उत्तर देत नव्हता.

तिनं हातातला विडा खाली ठेवला आणि आपली बोटं पाहिली.

विडा हे नाव बायकांनीच पाडलेलं. कच्च्या रबराची नखाएवढी दोन पानं, मध्ये चिप, चिपेला दोन्ही बाजूंनी केसाएवढी बारीक, वेटोळी तार, आणि ते सगळं सुती दोऱ्याच्या एका गाठीत धरलेलं. पान मिटायचं, अंगठ्यानं मधून कडेकडे दाबत न्यायचं म्हणजे आतली हवा निघून जाते. मग तो विडा मोठ्या ढोलावर गुंडाळलेल्या रबरात, दोरांच्या थराला लागून ठेवायचा, वर आणखी रबर, आणि सगळं वाफेच्या दाबाखाली शिजवायचं. शिजलं की दोन पानं राहत नाहीत, पट्ट्याशी एकजीव होतात. पण पानांवर शंखजिऱ्याची पूड असते, रबर रबराला चिकटू नये म्हणून लावलेली. आतली बाजू नीट पुसली नाही, चिमूटभर पूड राहिली, किंवा हवेचा मोहरीएवढा फुगा राहिला, तर ती पानं कितीही शिजवा, एक होत नाहीत. पुस्तकाच्या पानांसारखी एकमेकांवर पडून राहतात. पट्टा वरून गुळगुळीत, ठणठणीत. आणि आत, प्रत्येक वळणावर, पान पानावर घासत असतं. आधी तार तुटते, चिप गप्प होते. मग घासणं दोरांपर्यंत जातं. हे बाहेरून कुणाला दिसत नाही. ते फक्त बोटाला कळतं, तेही विडा मिटतानाच.

बोटं होती तशीच होती. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन. नखं कापलेली, पेरांवर रबराचा काळा डाग. तिनं अंगठा तर्जनीवर घासला. तिला दिसलं की अंगठा तर्जनीवर घासला गेला. एवढंच.

पोंगलच्या सकाळी सुरुवात झाली. म्हणजे सुरुवात कधी झाली देव जाणे, तिला कळलं ते पोंगलला. अंगणात तीन विटांवर नवं मडकं, दूध उतू गेलं, सगळे ओरडले, 'पोंगलो पोंगल!' आणि तिनं मडकं धरून चुलीवरून उतरवलं. नवरा, करुप्पय्या, रिक्षा पुसायचं सोडून धावला, "अगं फडकं घे, फडकं!" ती म्हणाली, "एवढं काही तापलेलं नाही." घटकाभरानं बोटांवर तीन फोड आले, पाण्यानं टम्म. करुप्पय्या शेजारणींना सांगत सुटला, "हिच्या कंपनीनं रबराबरोबर हिलाही शिजवून काढली. आता हिला अंगारावरून चालवा, मारिअम्मन देवी खूष होईल." शेजारणी हसल्या. पेच्चीही हसली. हसता हसता तिनं उजवा हात पदराखाली लपवला, त्याला आज चार महिने झाले होते. फोड गेले. कातडी नवी आली. पण नव्या कातडीच्या मागं कुणी राहायला आलं नाही.

मग ती लबाड झाली. आपण एवढ्या लबाड आहोत हे तिला या वयात नव्यानं कळलं. तिनं खिडकीजवळची जागा मागून घेतली. विडा मिटायच्या आधी पान तिरकं धरून उन्हात बघायची, पूड चमकते का. मिटल्यावर कडेनं बघायची, कुठं उंचवटा दिसतो का. सगळ्यांना वाटलं, अक्काचे डोळे गेले. तेनमोळीनं एकदा डब्याच्या पिशवीतून चष्म्याच्या दुकानाचा कागदही आणून दिला, "जा गं एकदा, दोन काचा घेतल्या तर एका काचेचेच पैसे घेतात म्हणे." डोळ्यांवरच तर सगळं चाललं होतं! ती बाजारात कापडाला हात लावून 'मऊ आहे' म्हणायची आणि दुकानदाराच्या चेहऱ्याकडं बघायची, बरोबर बोलले का. इडलीचं पीठ फुगलं की नाही ते डाव्या हातानं बघायची. उजवा हात घरात असा वागवायची, जसा एखादा पाहुणा घरात ठेवलाय आणि तो कोण हे कुणाला सांगायचं नाहीये.

कारण तिला ठाऊक होतं तो कोण असू शकतो. तिनं त्याला लहानपणी पाहिला होता. पेरियम्मा, आईची थोरली बहीण, सेल्लत्तायी नावाची. साऱ्या गल्लीत तिच्यासारखा मोगरा कुणी ओवत नसे. पायाच्या अंगठ्याला केळीच्या सोपाचा भिजवलेला धागा अडकवून बसायची, कळ्या दोन इकडं दोन तिकडं, बोटं दिसायची नाहीत, नुसता हार लांबत जायचा. तिच्या कोपरावर पांढुरका डाग आला, आठाण्याएवढा. मग हाताला. मग तिचं ताट वेगळं झालं, मग चटई वेगळी, मग परसातली जळणाची खोली. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही. घर असं शहाण्यासारखं तिच्यापासून एक एक पाऊल सरकत गेलं, जसं पुढ्यात विस्तव पडल्यावर माणसं न बोलता पाय आखडून घेतात. पण तिचे हार मात्र सुटले नाहीत. पहाटे आई परसात टोपली ठेवायची, उचलायची, आणि आपल्या हारांत मिसळून मासी रस्त्याच्या कोपऱ्यावर विकायला न्यायची. छोट्या पेच्चीनं विचारलं तर म्हणाली, "कुणी ओवलं ते फुलाला थोडंच माहीत असतं? तू तोंड मिटून चाल." आणि एके सकाळी पेच्ची टोपली आणायला गेली तेव्हा पेरियम्मा हसत होती, नेहमीसारखी काहीतरी गोष्ट सांगत होती, आणि तिच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. धागा कापायच्या पात्यानं कापलं असणार. तिला पत्ताच नव्हता. पांढऱ्या कळ्यांवर लाल ठिपके पडत होते, एक, दोन, एका ओळीत पाच, आणि तिची बोटं त्याच कळ्या उचलून धाग्यात बसवत होती. पेच्ची आठ वर्षांची होती. ती बोलली नाही. आईनं कोपऱ्यावर बसून त्या कळ्या वेचून काढल्या, गटारात टाकल्या आणि उरलेला हार एका लग्नघराला दिला. त्या लग्नात पेच्चीनं नवरीचा चेहरा पाहिलाच नाही. ती दिवसभर नवरीच्या मागं मागं फिरून तिची वेणी बघत होती, की आता कुठूनतरी लाल येईल. आलं नाही. पुढं सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी पेरियम्मा दोन वर्षांत बरी झाली. डॉक्टर घरी येऊन सांगून गेले, आता काही नाही, खुशाल एकत्र जेवा. पेरियम्मा बरी झाली, घर काही बरं झालं नाही. ती गेली तोवर तिचा हात कुणी हातात घेतला नाही. पेच्चीनंही नाही.

आता, भिंतीकडं पाठ करून बसलेली पेच्ची सत्तेचाळीस वर्षांची होती, आणि तिची तीन बोटं तेवढी आठ वर्षांच्या त्या पोरीच्या पुढ्यात हसत बसलेल्या बाईची होती.

दार उघडून सावरीमुत्तू सार आले. चाचणीचे इंजिनीअर, उंच, खांद्यात वाकलेले, शर्टाच्या खिशाला नेहमी शाईचा डाग. चिपांचं सगळं काम त्यांच्याच डोक्यातून निघालेलं. "काय गं बायांनो," ते म्हणाले, "सातला कुणी टोचून बोललात का? साहेबांनी मौनव्रत धरलंय."

"आमच्या घरात असं झालं की आम्ही खूष होतो सार," तेनमोळी म्हणाली.

"तुझ्या घरात नवरा गप्प झाला तर कोळसा खाण बंद पडत नाही." त्यांनी हातातला तक्ता चाळला. प्रत्येक पट्ट्याच्या नंबरापुढं विडा कुणी लावला ते लिहिलेलं असतं. त्यांचं बोट खाली सरकलं, थांबलं. "पेच्चि अक्का, तुमचा आहे हो हा."

"हो का," ती म्हणाली. आवाज बरा निघाला.

"तुमचा मरायचा नाही. काहीतरी वेगळंच असणार. दोनला मशीन थंड झाली की पट्टा कापून बघतो."

"आणि पट्ट्यांची गाडी सार?"

"गाडी तीनला निघणार. भरायला सांगितलंय. सातच्या पोटात घाण निघाली तर थांबवू, नाहीतर जाऊ दे." ते दारापर्यंत गेले आणि वळले. "तुम्ही का घाबरताय? तुमच्या गाठीवर तर मी बायकोपेक्षा जास्त विश्वास ठेवतो."

"हे वहिनींना सांगू?" तेनमोळीनं विचारलं.

"तिला माहीत आहे," सार म्हणाले आणि गेले.

तिची गाठ. तीन वर्षांपूर्वी ती या कारखान्यात पट्ट्यांवर कापड गुंडाळायच्या कामाला लागली, तेव्हा सार दिवसभर मेलेल्या चिपांची वाटी घेऊन हिंडत असत. वाफेत शिजताना निम्म्या मरायच्या. उरलेल्या पट्टा पुलीवर हजारदा वळला की तार तुटून मरायच्या. सगळे म्हणायचे, रबरात कागदाची चिठ्ठी घाल त्यापेक्षा. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सहज विचारलं, "अक्का, तुम्ही इथं यायच्या आधी काय करत होता?" "फुलं ओवत होते सार." "मग हे फूल ओवा बघू." थट्टेनंच त्यांनी तिच्या तळहातावर चिप ठेवली. तिनं ती चिमटीत धरली, तार चाचपली. म्हणाली, "हे कसून बांधलंय. देठ कसून बांधला की फूल दुपारपर्यंत मान टाकतं. सैल बांधलं तर गळून पडतं. मधलं पाहिजे." "मधलं म्हणजे किती?" त्यांनी वही काढली, "किती मिलिमीटर?" "ते कसं सांगू सार? बोटाला कळतं." त्यांनी ते मोजायचा फार प्रयत्न केला. भिंग लावलं, काटा लावला, तिच्या दहा गाठींचे फोटो काढले. दहाही वेगळ्या निघाल्या आणि दहाही चिपा जगल्या. शेवटी हताश होऊन भिंतीवरच्या तक्त्यात त्यांनी 'पेच्ची गाठ' एवढंच लिहिलं आणि तिला पाच बायका शिकवायला दिल्या. बाहेरदेशचे पाहुणे आले, त्यांनी तिचे फोटो काढले. फोटो कारखान्याच्या दर्शनी भागात लावलाय. त्यात तिचा चेहरा नाही. नुसते हात आहेत. पहिल्या दिवशी करुप्पय्या मुद्दाम बघायला आला आणि म्हणाला, "बांगड्यांवरून ओळखली." तिला त्याचा राग आला नव्हता. ती रोज आत येताना त्या हातांकडं चोरून बघायची. पोंगलपासून बघत नव्हती.

जेवणाची घंटा झाली. तिनं डबा उघडला, वांग्याचं कुळंबू भातात कालवलं, डाव्या हातानं, मग लक्षात येऊन उजव्या हातानं. गाडीत तीनशे बारा पट्टे जायचे होते. त्यांतले एकशे ऐंशीच्या वर तिच्या हातचे, आणि सगळे पोंगलनंतरचे. ते कुठं जाणार हे सारांनी सगळ्यांना बसवून सांगितलं होतं: दूर उत्तरेला, कोळशाच्या खाणींवर, जमिनीखाली वारा ढकलणाऱ्या पंख्यांना. पंख्यापाशी बसलेला रीडर पट्ट्यांना हाक मारत राहणार. ओ देतोय तोवर तो किती धावला, किती तापला ते कळणार आणि तुटायच्या आत बदलता येणार. एकीनं विचारलं होतं, "पंखा बंद पडला तर खालच्यांना काय होतं?" सार म्हणाले होते, "आधी काही नाही. मग झोप येते." तेव्हा पेच्चीला एवढं काही वाटलं नव्हतं. आता मात्र घास तोंडात धरून ती त्या माणसांना बघत होती. तिनं खाण कधी पाहिली नव्हती, म्हणून तिची खाण म्हणजे घराची जुनी विहीर होती, खोल, ओली, आणि तिच्या तळाशी डोक्याला दिवे बांधलेली माणसं, तिच्यासारखीच डबा उघडून बसलेली. एक दुसऱ्याला भाजी वाढतो. एक जांभई देतो. दुसरा म्हणतो, रात्री झोपला नाहीस काय रे? आणि तोही जांभई देतो. आणि वर कुठंतरी एका पट्ट्याच्या पोटात दोन पानं एकमेकांवर घासत असतात, आणि त्या पानांत जी हवा अडकलेली असते ती तिच्या हातची असते, या खिडकीजवळची, मदुरेची, वांग्याच्या कुळंबूचा वास असलेली.

"अक्का, तो भात चावायचा असतो," तेनमोळी म्हणाली. "किती वेळ नुसता धरून बसलीयस. काय झालंय तुला? भाऊजींशी भांडलीस?"

"नाही गं."

"मग सातचं मनावर घेतलंस. एक चिप मेली तर मेली. माझ्या मागच्या महिन्यात तीन मेल्या, मी दोन प्लेट परोटा खाल्ला आणि झोपले." तिनं आपल्या डब्यातला लोणच्याचा आंबा उचलून पेच्चीच्या भातावर ठेवला, आणि ठेवताना तिचा हात पेच्चीच्या बोटांना लागला असावा. पेच्चीनं हात झटकन मागं घेतला. तेनमोळी बघत राहिली. "खरकटा नाहीये," ती जरा दुखावून म्हणाली. आणि पेच्चीला वाटलं की इथंच, आत्ताच, हिला सांगावं. पण काय सांगणार? जे मला झालंय त्याचं नाव घेतलं की तू हा डबा माझ्याजवळ उघडणार नाहीस. शुगरही असेल, हो, शुगरनंही बोटं जातात म्हणे, करुप्पय्याच्या आत्याची गेली. पण शुगर असायची असेल तर असो, आधी कळायला दवाखान्यात जावं लागेल, तिथं उघड्या बाकावर रांगेत बसावं लागेल, आणि कुणीतरी विचारेल, तुमच्या घरात पूर्वी कुणाला होतं का?

दोन वाजले. सार पातं घेऊन आले, पेटी उघडली. बायका दारात जमल्या. पेच्ची मागं राहिली, आणि मागं राहिल्यामुळं तिला फक्त पाठी दिसल्या. मग सारांचा आवाज आला, चिडलेला, आणि मग तोच आवाज हसायला लागला. "अरे देवा! अगं इकडं बघा, पट्टा कशाला कापू? रीडरची वायरच कुरतडलीय! उंदरानं!"

"सार, तुम्ही चर्चला जाता ना," तेनमोळी म्हणाली, "म्हणून आमच्या पिळ्ळैयार गणपतीनं आपली गाडी पाठवली तुम्हाला न्यायला."

"त्याला म्हणावं, पुढच्या वेळी मांजर पाठव."

नवी वायर लागली. पेटी मिटली. पट्टा पुन्हा फिरायला लागला आणि मिनिट भरलं तसं भिंतीतून आलं: टिक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सारांनी खूष होऊन दाराबाहेरच्या गाड्यावरून सगळ्यांना सरकीचं दूध मागवलं, गरम, सुंठ आणि ताडाच्या करुपट्टीचा गूळ घातलेलं, आणि पेच्चीच्या हातात पहिला पेला दिला. "बघा? म्हटलं नव्हतं?" पेच्चीनं पेला घेतला, पदर मध्ये धरून, भाजू नये म्हणून नाही, भाजतंय असं दिसावं म्हणून. आणि ती हसली. खरोखर हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा. दूध गोड होतं, ऊन पिवळं होतं, तेनमोळी उंदराची नक्कल करत होती. सात नंबर बरा होता. बोटांनी दगा दिला नव्हता. डोळ्यांनीही जमतंय की! चार महिने जमलं, पुढंही जमेल. कुणाला काही सांगायचं कारण नाही.

हे सुख पेला रिकामा होईपर्यंत टिकलं.

जागेवर येऊन बसली तेव्हा समोर ताटलीत सकाळपासूनचे अकरा विडे होते, मिटलेले, गाडीत न जाणारे, पुढच्या खेपेचे. टिक, भिंत म्हणाली. सातनं ओ दिली. पण विचारलं कुणाला, तर सातला. उगाच, हाताला चाळा म्हणून, तिनं पातं घेतलं आणि पहिला विडा उकलला. आत स्वच्छ काळं. दुसरा उकलला. स्वच्छ. तिला वाटलं, बास आता, खेळ पुरे. तिसरा उकलला. आतल्या पानावर, अगदी मधोमध, पांढरा ठसा होता. शंखजिऱ्याचा. बारीक बारीक रेषा, भोवऱ्यासारख्या फिरलेल्या, इतक्या रेखीव की दस्तऐवजावर घेतात तसा. तिचा अंगठा. पूड अंगठ्याला होती. पुसलेल्या पानावर तो तिनं स्वतःच टेकवला होता, आणि मग तेच पान उन्हात धरून न बघता मिटलं होतं. तिनं चौथा उकलला. स्वच्छ. पाचवा. ठसा. ती थांबली, कारण आता अकरांचं काय ते महत्त्वाचं नव्हतं. पाचांत दोन म्हणजे एकशे ऐंशीत किती, हे गणित तिला येत होतं, आणि ते करायची तिची हिंमत नव्हती. तिच्या डोळ्यांपुढं एकच होतं: विहिरीच्या तळाशी एक माणूस जांभई देतोय.

तिला वाटलं होतं, भीतीचा एक चेहरा असतो. आता दोन होते आणि दोन्ही एकाच वेळी बघत होते. बोललं तर पेरियम्माची चटई. नाही बोललं तर ती विहीर. आणि तिसरं कुणी तिथं नव्हतं, कुणी ओरडणार नव्हतं, कुणी पकडणार नव्हतं. उंदरानं तिला सोडवलं होतं. पट्टे तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, हजार कोसांवर तुटतील. कुणी तक्ता काढून म्हणेल, विडा पेच्चियम्माळचा. आणि सार म्हणतील, शक्य नाही, तिचा मरत नाही. तो विश्वासच तिला सगळ्यात जास्त भिववत होता. आईचा आवाज कानात म्हणाला, कुणी ओवलं ते फुलाला थोडंच माहीत असतं, तू तोंड मिटून चाल. ती उठली. खुर्ची मागं पडली. पांढऱ्या ठशाचा विडा तिनं डाव्या मुठीत घेतला होता, कारण डाव्या मुठीला तो कळत होता.

अंगणात गाडी भरत आली होती. थप्प्यांवर थप्प्या, काळ्या, रबराच्या वासानं ऊन जड झालेलं. सार कागदांवर सह्या करत होते. ड्रायव्हरनं इंजिन चालू ठेवलं होतं.

"सार, ही गाडी सोडू नका."

"का हो?"

"माझ्या विड्यांत पूड आहे. मला कळत नाहीये." तिनं मूठ उघडली. "मला बोटांना कळत नाही सार. पोंगलपासून."

त्यांनी ठसा पाहिला. मग तिच्याकडं. मग ते हसले, पण ओठांनीच. "एखादा होतो अक्का. दमलात तुम्ही. सकाळपासून त्या सातनं…"

"दमले नाही. बोटं मेलीत."

मागून धावत आलेली तेनमोळी म्हणाली, "हिचे डोळे गेलेत सार, मी कधीची सांगतेय, चष्मा…"

"डोळे धड आहेत गं!" पेच्ची ओरडली. हमाल वळून बघायला लागले. मग ती हळू झाली. "तेनमोळी, तुझ्या पदराची पिन काढ. मी डोळे मिटते. टोच."

"वेडी आहेस काय?"

"टोच म्हणतेय ना. सारांना बघू दे."

पेच्चीनं शेजारच्या पट्ट्यांच्या थप्पीवर उजवा हात उताणा टेकवला, आणि डोळे मिटले. पापण्यांच्या आत लाल ऊन होतं. इंजिनची घरघर छातीत वाजत होती. तिला तेनमोळीच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या, जवळ, आणि तिच्या केसांतल्या मोगऱ्याचा वास आला. म्हणजे तिनं ती तीन बोटं धरली असतील. आता टोचेल. पेच्ची जीव मुठीत धरून वाट बघत राहिली, आणि वेड्यासारखी एक आशा तिच्यात उठली, की दुखेल. आता सणकन दुखेल, मी ओरडेन, सगळे हसतील, मी रजा घेऊन घरी जाईन.

"टोच की गं," ती म्हणाली. "भिऊ नकोस."

कुणी बोललं नाही.

"तेनमोळी?"

"टोचली अक्का," तेनमोळी म्हणाली. तिचा आवाज तिचा नव्हता. "कधीची टोचली. तीनदा. रक्त येतंय गं."

मग सारांचा आवाज आला, मोठा, फाटलेला: "ए! इंजिन बंद कर! सगळे पट्टे खाली उतरवा, सगळे!" आणि घरघर थांबली. अंगण एकदम इतकं शांत झालं की कावळ्याच्या पायाखालचा पत्रा वाजलेला ऐकू आला. पट्टे धपाधप खाली पडायला लागले. कुणीतरी विचारत होतं, काय झालं, काय झालं.

पेच्चीनं डोळे उघडले नाहीत. तिचा हात तिथंच थप्पीवर होता. तेनमोळीनं ती तीन बोटं अजून धरलीत की सोडून दिलीत, हे तिला कळत नव्हतं. कळायचा एकच मार्ग होता, डोळे उघडून बघायचं. आणि ती मनात आकडे मोजत उभी राहिली, साठपर्यंत, आणि मग पुन्हा पहिल्यापासून.